दहावीनंतर काय? हा प्रश्न आठवीत विचारा

(विहाराच्या वर्धापन दिनी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर वाचनालय मंडळातर्फे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)

 

सकाळी धम्मध्वज फडकला, बुद्धवंदना झाली, भन्तेजींची देसना झाली. आता खिरीचा वास यायला लागला आहे, तेव्हा आम्ही फार वेळ घेणार नाही. पण जेवढा घेऊ तेवढा मन लावून ऐका. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, तहसील कचेरीत आयुष्य काढलेले एक कारकून आहेत, आयटीआयचे एक निदेशक आहेत आणि सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आहेत. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही वाचनालयाच्या टेबलाशी बसतो. तिथे जे बघतो, तेच आज सांगणार आहोत.

'शिका' हा शब्द आपल्या विहाराच्या भिंतीवर आहे, घरातल्या कॅलेंडरवर आहे, अंगणवाडीतल्या पोराला पाठ आहे. आपल्या आई-वडिलांनी तो मनावर घेतला. स्वतः हमाली केली, धुणीभांडी केली, पण पोरांना शाळेत घातले. त्या पिढीचे उपकार फिटणारे नाहीत. आता प्रश्न त्याच्या पुढचा आहे. काय शिकायचे? कोणत्या विषयातून कुठे जाता येते आणि कुठे जाता येत नाही? हे विचारायला आपण फार उशीर करतो. निकाल लागतो, पेढे वाटून होतात, आणि चौथ्या दिवशी पालक टेबलाशी येऊन म्हणतात, "सर, पोराला अडुसष्ट टक्के पडले, आता कुठं घालू?" या प्रश्नाचे चांगले उत्तर निकालानंतर मिळत नाही हो. ते दोन-तीन वर्षे आधी शोधावे लागते. आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे.

विषय निवडणे ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. पण बाबासाहेबांचे चरित्र आठवा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले. नाइलाजाने त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने शिकले, ती गोष्ट वेगळी. पण एका हुशार मुलाला काय शिकायचे हे ठरवायचा अधिकार नव्हता, हे लक्षात ठेवा. आज तुम्हाला कुठल्याही शाळेत जातीचे कारण सांगून विषय नाकारता येत नाही. संविधानाने तो अधिकार आपल्या हातात दिला. आणि आपण काय करतो? मित्राने घेतले म्हणून घेतो, कॉलेज रिक्षाच्या अंतरावर आहे म्हणून घेतो. मिळालेला अधिकार असा वापरायचा असतो का, याचा विचार करा.

त्याच चरित्रातली दुसरी गोष्ट. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्यांचा सत्कार झाला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हे आपल्याला माहीत असते. पण गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणाला पैसा कमी पडतो हे पाहून त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले, १९१३ साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. बुद्धी तर होतीच. पण योग्य वेळी 'पुढची वाट ही आहे, तिथं असा अर्ज करायचा' असे सांगणारा एक जाणता माणूसही जवळ होता. मोठ्या घरच्या मुलांना असा माणूस घरातच मिळतो. काका इंजिनिअर असतो, मावशी प्राध्यापक असते. आपल्यापैकी पुष्कळ घरांत बारावीपर्यंत पोचलेले पहिलेच मूल आहे. त्याने कुणाला विचारायचे? म्हणून वस्तीत केळुसकर गुरुजी तयार करावे लागतात, आणि त्याला विहारासारखी दुसरी जागा नाही.

आता विषयांकडे येऊ. मुलांनो, प्रत्येक विषयाला एक दार आहे असे समजा. विषय सोडला की ते दार बंद होते. काही दारे पुन्हा उघडतात, काही उघडत नाहीत. बारावीच्या पातळीचे फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी घेतलेले नसेल तर डॉक्टरकीची नीट परीक्षा देता येत नाही. फिजिक्स आणि गणित घेतले नसेल तर बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या पदवीचा रस्ता मिळत नाही. फार्मसीला गणित किंवा बायोलॉजी, दोहोंपैकी एक चालते. बी.एस्सी. नर्सिंगला बायोलॉजी लागते, पण जीएनएम नर्सिंगला कला शाखेची मुलगीसुद्धा जाऊ शकते, हे आपल्या सिस्टर दर रविवारी सांगतात तरी लोकांना नवल वाटते. एनडीएच्या सैन्यदलाला बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण हवाई दल आणि नौदलाला फिजिक्स-गणित हवे. आणि बहिणींनो, २०२२ पासून एनडीएत मुलीही शिकत आहेत.

सायन्सवाला पुढे आर्ट्सला, कॉमर्सला, वकिलीला जाऊ शकतो. आर्ट्सवाला बारावीनंतर उलट फिरून इंजिनिअरिंगला जाऊ शकत नाही. एवढे ऐकून पुष्कळ पालक म्हणतात, "मग सगळ्यांना सायन्सलाच घालू की!" थांबा. कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आठवा. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. हा उपदेश अकरावीच्या फॉर्मलाही लागू आहे. ज्याला गणिताची मुळात गोडी नाही, दहावीपर्यंत जे घोकून पास झाले, त्याला सायन्समध्ये कोंबले तर दोन वर्षांत ते पोर मोडते. आम्ही अशी पोरे पाहिली आहेत. बारावी नापास झाली, घरात तोंड लपवून बसली, आणि शेवटी जिथे मिळेल तिथे कामाला लागली. त्याच पोराने मनाजोगी शाखा घेतली असती तर आज पदवीधर असते.

आर्ट्स म्हणजे वाया गेलेले, हा समज आपल्यात कुणी घातला कळत नाही. बाबासाहेबांची बी.ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची होती. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कोणत्याही शाखेतून करता येतो, त्याची सीईटी असते. एमपीएससी, यूपीएससीला कोणतीही पदवी चालते. सी.ए.च्या फाउंडेशन परीक्षेला बारावी कोणत्याही शाखेची चालते, कॉमर्सचीच हवी असे नाही. पण इथे एक अट आहे. आर्ट्स घ्यायचे तर ठरवून घ्या आणि पहिल्या दिवसापासून वाचा. 'कुठंच मिळालं नाही म्हणून' घेतलेली शाखा, मग ती कोणतीही असो, तुम्हाला फार लांब नेत नाही.

दुसऱ्या बाजूला तंत्रशिक्षण. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला एक निवेदन दिले. त्यात अनुसूचित जातींच्या मुलांना विज्ञान आणि तंत्रशास्त्र शिकता यावे म्हणून त्यांनी सरकारकडे स्वतंत्र शिष्यवृत्त्या मागितल्या. का मागितल्या? कारण तिथे खर्च जास्त आणि आपला माणूस एकही नाही, हे त्यांना दिसत होते. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतलेला मुलगा पायरीपायरीने इंजिनिअर होऊ शकतो, आणि वाटेत कुठेही थांबला तरी हातात कमाई आहे. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीला ठराविक ट्रेडचा आयटीआय चालतो. आमचे निदेशक म्हणतात, "पालक माझ्याकडं येतात ते मान खाली घालून. जणू पोरगं आयटीआयला आलं म्हणजे काही पाप झालं." हा कमीपणा डोक्यातून काढून टाका. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गातले एक अंग आहे. प्रामाणिक हाताचे काम त्यात बसते.

मुलींबद्दल वेगळे सांगावे लागते, आणि ते सांगताना आम्हाला बरे वाटत नाही. मुलाला लांबच्या कॉलेजात पाठवतात आणि त्याच घरातल्या जास्त मार्कांच्या मुलीला 'जवळचं बरं' म्हणून जे मिळेल त्यात घालतात. त्या जवळच्या कॉलेजात सायन्स नसते, म्हणून मुलीचे सायन्स संपते. हे तिच्या कुवतीवरून ठरत नाही, एस.टी.च्या वेळापत्रकावरून ठरते. वस्तीतल्या तीन-चार मुलींनी मिळून एकाच कॉलेजात प्रवेश घेतला तर जाण्यायेण्याची भीती निम्मी होते. महिला मंडळाने हे मनावर घ्यावे.

आता कागदांविषयी बोलतो. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. सीईटीला चांगले गुण, राखीव जागेवर चांगल्या कॉलेजात नंबर. पण जात वैधता प्रमाणपत्र नाही. मुदत संपली आणि जागा गेली. अभ्यासात ती कुठेच कमी पडली नव्हती. कमी पडला तो तिच्या आजोबांचा एक कागद.

तो कागद का लागतो ते समजून घ्या. महाराष्ट्रात २००१ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे जातीचा दाखला जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून तपासून घ्यावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. तुमचे घराणे त्या तारखेला महाराष्ट्रात राहत होते आणि त्याची जात अमुक होती, याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या रजिस्टरचा उतारा. नसतील गेले, तर गावच्या कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाला, म्हणजे काका, चुलतभाऊ, आत्या यांना वैधता मिळाली असेल, तर तो फार भक्कम पुरावा ठरतो. ही कागदपत्रे मूळ गावी असतात. आपण तर पोटासाठी दोन पिढ्यांमागे गाव सोडले. जुन्या वहीचे पान फाटलेले असते, मोडीत लिहिलेले असते, नाव एकाचे दुसरे झालेले असते. हे काम आठ दिवसांत होत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, मूल आठवीत गेले की दिवाळीच्या सुट्टीत गावाला जा, आणि वंशावळ लिहून काढा. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर नावे विचारून घ्या.

यातच आणखी एक नाजूक गोष्ट आहे. १९५६ साली आपण दीक्षा घेतली. महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना सवलती पुढे दिल्या, पण केंद्र सरकारच्या कायद्यात बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० साल उजाडावे लागले. आजही राज्याच्या जागांसाठी आणि केंद्राच्या जागांसाठी दाखल्याचे नमुने वेगळे आहेत. राज्यात अनुसूचित जातीला १३ टक्के आरक्षण आहे, केंद्रात १५ टक्के. केंद्राच्या दाखल्यावर धर्मांतरापूर्वीची अनुसूचित जात लिहिलेली लागते. नुसते 'बौद्ध' चालत नाही. तरुण मुले आम्हाला चिडून विचारतात, "जी जात आपण नागपूरला टाकून आलो, ती पुन्हा का लिहायची?" त्यांचा राग खोटा नाही. आम्ही त्यांना एवढेच सांगतो, हा दाखला आपण कोण आहोत ते सांगत नाही, आपल्या पूर्वजांवर काय अन्याय झाला ते सांगतो. आपला धम्म आपल्या आचरणात आहे. पण म्हणून तो कागद काढायचे टाळू नका. त्याच्याशिवाय हक्काची जागा जाते.

दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी शाळेच्या रजिस्टरमधले नाव, जन्मतारीख, आईचे नाव, जातीची नोंद स्वतः डोळ्यांनी बघा. शाळेत असताना चूक दुरुस्त करणे सोपे असते, शाळा सोडल्यावर खेटे घालावे लागतात. आधार कार्डावर आणि दाखल्यावर नावाचे अक्षर न् अक्षर सारखे असू द्या.

पैशाचे थोडक्यात सांगतो. मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीला असेल तर त्याला एनएमएमएसच्या परीक्षेला बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. ती १९४४ साली सुरू झाली, त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची वेगळी योजना आहे. बाहेरगावी शिकणाऱ्या ज्या मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याला स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत होते. फार पुढचे सांगायचे तर परदेशी शिक्षणाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, ती दरवर्षी ७५ मुलांना मिळते. अर्ज बहुतेक ऑनलाइन आहेत. अटी बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज भरू नका. खाते आधारशी जोडलेले ठेवा, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकते.

आणि एक विनंती. क्लासच्या जाहिरातीवर मोठमोठे फोटो बघून बचत गटाचे कर्ज काढू नका, मंगळसूत्र गहाण टाकू नका. आधी मुलाने एनसीईआरटीची पुस्तके वाचली आहेत का ते विचारा. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते हे किती जणांना माहीत आहे? मात्र अकरावी सायन्सची पुस्तके इंग्रजीत असतात. मराठी माध्यमाची मुले हुशार असून पहिल्या तीन महिन्यांत गांगरतात ती यामुळे. त्यावर उपाय आठवीतच करता येतो. विज्ञानाचा प्रत्येक धडा झाला की त्यातले वीस शब्द इंग्रजीतून वहीत लिहायचे. दहावीपर्यंत दोन वह्या भरतात आणि भीती मोडते.

तेव्हा मुलांनो, इयत्तेप्रमाणे सांगतो, लिहून घ्या. आठवी : एनएमएमएस, इंग्रजी शब्दांची वही, घरच्यांनी वंशावळ आणि जुने कागद. नववी : आपल्याला काय आवडते ते पारखा. दवाखाना, कोर्ट, कारखाना, बँक, जे काम आवडते वाटते ते करणारा माणूस गाठा, त्याला विचारा. जातीचा दाखला याच वर्षी काढा, केंद्राचासुद्धा. दहावी : शाळेच्या नोंदी तपासा, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला काढा, आणि परीक्षेआधीच तीन पर्याय ठरवून ठेवा. ९० टक्के पडले तर काय, ७० पडले तर काय, ५० पडले तर काय. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम एकदा भरला की घाईत बदलता येत नाही, म्हणून तो आधी कागदावर लिहा. अकरावी : प्रवेश झाला की कॉलेजचे पत्र घेऊन जात वैधतेच्या अर्जाची चौकशी सुरू करा. बारावीच्या परीक्षेनंतर बघू, असे म्हणू नका.

ज्यांची गाडी आधीच चुकली आहे, तेही इथे बसले आहेत. त्यांनी नाराज होऊ नये. सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून बाबासाहेबांनी सकाळचे वर्ग चालवले. तीच सोय आज नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात आहे. काम करता करता पदवी घेता येते. वयाची लाज बाळगू नका.

शेवटी विहार समितीपुढे दोन मागण्या ठेवतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपला वर्षावास असतो. प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची धावपळही याच दिवसांत चालते. रोज ग्रंथवाचन होतेच. त्यातली आठवड्याची एक संध्याकाळ ग्रंथवाचनानंतर अर्धा तास या कामाला द्यावी. दुसरी मागणी अशी, की वस्तीतल्या ज्यांना वैधता मिळाली आहे, ज्यांनी नर्सिंग, डिप्लोमा, वकिली केली आहे, त्यांची यादी वाचनालयात राहावी आणि त्या प्रत्येकाने वर्षाला एका मुलाची जबाबदारी घ्यावी. धम्मदान आपण पैशात देतो, तसे ते वेळेतही द्यावे.

रविवारी टेबल लागलेले आहे. येताना जुन्या कागदांची पिशवी आणा, आणि आठवीतल्या पोराला सोबत आणा. दहावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम! नमो बुद्धाय!